उसन्या वेळेचा हिशेब

गेल्या पावसाळ्यातील प्रसंग आहे. नौपाड्यातील आमच्या इमारतीच्या आवारातून एका शाळकरी मुलाची सायकल नाहीशी झाली. सोसायटीने प्रवेशद्वारावर सीसीटीव्ही कॅमेरा बसवलेला असल्यामुळे चोर सापडणारच, अशी सर्वांची खात्री होती. चित्रण पाहिले. छत्रीआड चेहरा झाकलेला कोणीतरी सायकल घेऊन बाहेर पडताना दिसला. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उमटली होती : सकाळचे ७ वाजून १४ मिनिटे. वॉचमनची नोंदवही पाहिली. त्यात ७ वाजून ५ मिनिटांनी इस्त्रीचे कपडे घेऊन येणारा मुलगा आत आल्याची आणि ७ वाजून २० मिनिटांनी बाहेर गेल्याची नोंद होती. त्या पाव तासात बाहेरचे दुसरे कोणीही इमारतीत आलेले नव्हते. झाले! निष्कर्ष काढायला कितीसा उशीर लागतो? सायंकाळपर्यंत जिन्याजिन्यातून त्या पोराचे नाव चोर म्हणून घेतले जाऊ लागले. कोणी पोलिसांत जाण्याची भाषा केली, कोणी उद्यापासून त्याला फाटकाच्या आत घेऊ नका म्हणून बजावले.

त्याला वाचवले ते आमच्या एका वयस्कर शेजाऱ्यांनी. दूरसंचार क्षेत्रातून निवृत्त झालेले हे अभियंते मितभाषी आहेत. त्यांनी कुणाच्याही चारित्र्याविषयी चर्चा केली नाही. कॅमेऱ्याच्या पडद्याजवळ ते आपला मोबाइल घेऊन गेले, दोन्हीकडची वेळ पाहिली आणि एवढेच म्हणाले, "अहो, हा पडदा एकोणीस मिनिटे पुढे आहे." म्हणजे सायकल गेली ती ७ वाजून १४ मिनिटांनी नव्हे, ६ वाजून ५५ मिनिटांनी. त्या वेळी तो मुलगा इमारतीत आलेलाच नव्हता. वॉचमन आपल्या मोबाइलवरची वेळ लिहीत होता, ती बरोबर होती. कॅमेरा बसवून पावणेदोन वर्षे झाली होती आणि त्या काळात त्याचे घड्याळ लावण्याचे कोणाच्याही मनात आले नव्हते.

सायकल आजतागायत सापडलेली नाही. परंतु एका गरीब मुलाच्या कपाळी लागू पाहणारा डाग पुसला गेला. त्या सायंकाळपासून एक प्रश्न मात्र मनातून जात नाही. यंत्रावर उमटलेली वेळ आपण वेदवाक्य मानतो, पण त्या यंत्राला ती वेळ सांगितली कोणी? आणि ज्याने सांगितली, त्याला ती कोठून मिळाली?

गच्चीवरची अळंबी

या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते याच शेजाऱ्यांच्या घरी. आमच्या गच्चीच्या कठड्यावर अळंबीसारखी दिसणारी एक पांढरी वस्तू कित्येक महिने उभी होती. तिच्यातून किरण निघतात आणि ते प्रकृतीला अपायकारक असतात, अशी तक्रारही सोसायटीच्या बैठकीत झाली होती. तेव्हा अभियंत्यांनी शांतपणे सांगितले होते, "ही फक्त ऐकते, बोलत काहीच नाही." ती उपग्रहांचे संकेत टिपणारी अँटेना आहे. तिची तार त्यांच्या घरातील छोट्या रिसीव्हरला आणि तेथून वहीएवढ्या जागेत मावणाऱ्या एका संगणकाला जोडलेली आहे. तो संगणक घरातील इतर सर्व यंत्रांना बिनचूक वेळ पुरवतो. निवृत्तीनंतरचा छंद म्हणून त्यांनी हा 'टाइम सर्व्हर' स्वतः उभारला. मोठ्या बँका, शेअर बाजार, दूरध्वनी कंपन्या, वीजवाहिन्यांची नियंत्रण केंद्रे यांच्याकडे अशीच यंत्रणा महागड्या स्वरूपात असते. तत्त्व मात्र एकच.

ते तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. संगणकातील घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. सामान्य प्रतीच्या स्फटिकात दहा लाखांमागे वीस भागांची चूक सहज असते. ऐकायला ती क्षुल्लक वाटते, परंतु दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद आणि वर्षाला साडेदहा मिनिटे असा तिचा हिशेब होतो. आमच्या कॅमेऱ्याच्या पावणेदोन वर्षांतील एकोणीस मिनिटांचे रहस्य नेमके हेच होते. यंत्राने कोणताही गुन्हा केलेला नव्हता. त्याला कोणी दुरुस्त केले नव्हते, इतकेच.

अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि प्रत्येकात अणुघड्याळे बसवलेली असतात. आपल्याला जीपीएस ठाऊक असते ते रस्ता दाखवणारे साधन म्हणून. वस्तुतः ते आकाशात टांगलेले घड्याळच आहे. उपग्रहाने संकेत सोडला त्या क्षणाची वेळ संकेतातच लिहिलेली असते. तो सेकंदाच्या सुमारे सात शतांश भागात आपल्यापर्यंत पोहोचतो. चार उपग्रहांचे संकेत एकत्र केले की रिसीव्हरचे स्थान आणि अचूक वेळ या दोन्ही गोष्टी गणिताने निघतात. स्थान एकदा पक्के झाले, आणि गच्ची काही जागची हलत नाही, की मग वेळेसाठी एक उपग्रहही पुरतो.

रिसीव्हर संगणकाला दोन गोष्टी देतो. एक असते वाक्य : 'आता अमुक तास, अमुक मिनिट, अमुक सेकंद.' परंतु हे वाक्य तारेतून येईपर्यंत उशीर होतो आणि तो उशीर दर वेळी सारखाही नसतो. म्हणून दुसरी गोष्ट असते ठोका. प्रत्येक सेकंदाच्या नेमक्या आरंभी विजेचा एक स्पंद वेगळ्या तारेने थेट संगणकाला मिळतो. कोणता सेकंद ते वाक्य सांगते, तो सेकंद नेमका केव्हा सुरू झाला ते ठोका सांगतो. चांगल्या रिसीव्हरचा ठोका सेकंदाच्या काही कोट्यंश भागांपर्यंत बिनचूक असतो. अँटेनेच्या वीस मीटर तारेतून संकेत यायला लागणारा सेकंदाचा एक कोट्यंश भागही मोजून वजा करावा लागतो, यावरून ही सूक्ष्मता ध्यानी यावी.

एका संगणकाने दुसऱ्याला वेळ कशी विचारावी, याचे नियम अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडले. ते 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल' या नावाने आज जगभर रूढ आहेत. २०२४ च्या जानेवारीत मिल्स निवर्तले. त्यांच्या रचनेत एक परंपरा आहे. अणुघड्याळ हे मूळ पीठ. त्याला थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या स्तराचा, त्याच्याकडून वेळ घेणारा दुसऱ्या स्तराचा, अशी ती उतरंड खाली येते. त्यातील दोन नियम मला फार मोलाचे वाटतात. पहिला असा की, घड्याळ थोडेसे चुकले असेल तर त्याला हिसका द्यायचा नाही. त्याची गती किंचित कमी-जास्त करून त्याला हळूहळू वळणावर आणायचे, कारण वेळ एकदम मागे गेली तर आधी झालेला व्यवहार नंतर झाल्यासारखा दिसेल. दुसरा नियम असा की, एकाच घड्याळावर विश्वास टाकायचा नाही. एकच घड्याळ असेल तर ते चुकले हे कळत नाही. दोन असतील तर कोणते चुकले हे कळत नाही. तीन-चार असतील तरच खोटे बोलणारे उघडे पडते. आपल्या पूर्वजांनी हेच 'पाचामुखी परमेश्वर' या दोन शब्दांत सांगून ठेवले आहे.

दृक्प्रत्ययाचा वारसा

कालमापनाची ही शिस्त आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिची आख्यायिका मराठी घरांतील मुलांना आजी-आजोबांकडून कळते. विवाहमुहूर्त साधण्यासाठी पाण्यावर घटिकापात्र तरंगत ठेवले होते. कुतूहलाने ते पाहण्यास वाकलेल्या लीलावतीच्या वस्त्रावरील मोती त्यात पडला, तळाचे छिद्र बुजले, पात्र बुडलेच नाही आणि मुहूर्त टळून गेला. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती'चे फारसी भाषांतर केले, त्यात ही कथा येते. तिचा ऐतिहासिक खरेपणा बाजूला ठेवू. तिचा बोध आमच्या कॅमेऱ्याच्या गोष्टीहून वेगळा नाही. पात्र बुडाले नाही म्हणजे घटिका भरली नाही, असे सर्वांनी धरून चालले. यंत्रच अडले असेल, ही शंका कुणाला आली नाही.

ज्यांच्याविषयी ही कथा सांगितली जाते, त्या भास्कराचार्यांनी मात्र या बाबतीत डोळे उघडे ठेवले होते. 'सिद्धान्तशिरोमणी'च्या यंत्राध्यायात त्यांनी कालमापनाची व वेधाची अनेक यंत्रे वर्णिली आणि त्या सर्वांच्या वर 'धीयंत्र' म्हणजे बुद्धीचे यंत्र ठेवले. आठ-नऊ शतकांपूर्वीचा हा विचार आजच्या प्रत्येक संगणक विभागाच्या भिंतीवर लावावा इतका ताजा आहे.

याच परंपरेचा दुवा एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात पुन्हा जोडला गेला. जुन्या करणग्रंथांवरून केलेले गणित आणि आकाशात दिसणारे ग्रह यांत अंतर पडू लागले, तेव्हा केरूनाना छत्रे यांनी नव्या वेधांवर आधारलेले गणित स्वीकारले व त्यातून पटवर्धनी पंचांग उभे राहिले. पुढे लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाचा पुरस्कार केला. त्यांना विरोध झाला, परंपरेचा द्रोह केल्याचा आरोपही सोसावा लागला. त्यांचे उत्तर असे होते की, गणित आकाशाशी जुळले पाहिजे, यालाच दृक्प्रत्यय म्हणतात आणि तीच आपली परंपरा आहे. छत्र्यांनी त्या कामी पाश्चात्त्यांचे ग्रंथ वापरण्यात संकोच केला नाही. परकीय साधन हाती घेणे वेगळे आणि डोळे मिटून त्याच्या अधीन होणे वेगळे, हा विवेक त्या पिढीकडे होता. तोच आज आपल्याला हवा आहे.

वेळ आणि सत्ता

वेळ ही केवळ शास्त्रज्ञांची बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ठाण्याचा इतिहास आठवावा. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. रेल्वे आली आणि तिच्यामागोमाग गावागावांत मिनिटांचा हिशेब आला. प्रत्येक गावाची वेळ तोपर्यंत त्याच्या सूर्यावर ठरत असे. तारायंत्र व रेल्वेसाठी पुढे मद्रासची वेळ प्रमाण धरण्यात आली. ती मुंबईच्या वेळेहून सुमारे अर्धा तास पुढे. मग १ जानेवारी १९०६ पासून सरकारने ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेहून सुमारे ३९ मिनिटे पुढे होती.

मुंबईकरांनी ही वेळ सहजासहजी स्वीकारली नाही. वंगभंगाच्या संतापाचे ते दिवस होते. परक्या सरकारने हुकूम सोडून आमचा सूर्य एकोणचाळीस मिनिटे पुढे ढकलावा, हे लोकांना रुचले नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, नागरिकांच्या सभा झाल्या. मुंबई महापालिकेने तर १९५५ पर्यंत 'मुंबई टाइम' सोडला नाही! जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्ताच्या पुढे 'स्टँ. टा.' अशी अक्षरे दिसतात, ती या दुहेरी व्यवहाराची खूण होय. नौपाड्यातील घरांच्या जुन्या ट्रंकांत अशा पत्रिका अजूनही सापडतील.

आज त्या हट्टाकडे पाहून हसू येईल. एका राष्ट्राला एकच प्रमाणवेळ हवी, यात शंका नाही. स्वातंत्र्यानंतर ज्या समितीने राष्ट्रीय दिनदर्शिका घडवली, त्या मेघनाद साहांच्या समितीनेही गणितासाठी ८२.५ अंशाचे रेखावृत्त आणि प्राचीन उज्जयिनीचे अक्षांश यांची सांगड घातली होती. परंतु मुंबईकरांच्या त्या विरोधाच्या मुळाशी असलेली जाणीव खरी होती : आमची वेळ कोण ठरवतो, हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे. विचित्र असे की, १९०६ मध्ये हा प्रश्न गिरणीतल्या कामगाराला पडला होता आणि आजच्या संगणकयुगातील सुशिक्षिताला तो पडत नाही.

फुकट मिळते म्हणून

जीपीएस ही अमेरिकेच्या लष्कराची निर्मिती असून आज ती तेथील अंतराळ दलाच्या ताब्यात आहे. १९८३ मध्ये कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत संघाने पाडल्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ती नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. त्यानंतरही नागरी संकेतात हेतुपुरस्सर चूक मिसळली जाई. २००० च्या मे महिन्यात ती मिसळणे थांबवण्यात आले. जगावर हा उपकारच आहे आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु जी सोय एका राष्ट्राध्यक्षाच्या निर्णयाने मिळाली, ती आपल्या हक्काची नव्हे, एवढे भान ठेवायला हवे.

शत्रुत्वच हवे असेही नाही, चूकही पुरते. २६ जानेवारी २०१६ रोजी, आपण प्रजासत्ताक दिन साजरा करीत असताना, एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना झालेल्या गफलतीमुळे पंधरा उपग्रहांनी वेळेच्या माहितीत सुमारे १३ मायक्रोसेकंदांची चूक प्रसारित केली. माणसाच्या दृष्टीने ती शून्यवत होती. तरीही अनेक देशांतील दूरसंचार यंत्रणांत धोक्याच्या सूचना वाजू लागल्या आणि ब्रिटनमधील डिजिटल नभोवाणीचे प्रसारण विस्कळीत झाले. २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्ली विमानतळाजवळ उतरणाऱ्या काही विमानांना उपग्रहाचे खोटे संकेत मिळाल्याचे केंद्र सरकारने संसदेत मान्य केले. उपग्रहाचा संकेत पृथ्वीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की, जवळून कोणी मोठ्याने खोटे बोलले तर रिसीव्हर तेच खरे मानतो. जो संकेत विमानाला चुकीचे स्थान सांगू शकतो, तो बँकेच्या सर्व्हरला चुकीची वेळही सांगू शकतो.

आणि चुकीच्या वेळेने काय बिघडते? आमच्या इमारतीत एका निरपराध मुलावर आळ आला. राष्ट्राच्या पातळीवर तोच आळ लक्षपटींनी मोठा होतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका-कॅनडात कोट्यवधी लोक अंधारात गेले. त्या घटनेची चौकशी करताना कोणता बिघाड आधी आणि कोणता नंतर झाला हे ठरवणेच कठीण झाले, कारण ठिकठिकाणच्या नोंदयंत्रांची घड्याळे जुळत नव्हती. शेअर बाजारात कोणाचा सौदा आधी आला, सायबर हल्ला कोणत्या यंत्रातून सुरू झाला, खात्यातून पैसे कोणत्या क्षणी गेले, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेळेच्या शिक्क्यावर ठरते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला महत्त्वाचे स्थान आहे. त्या पुराव्यावरची वेळच खोटी असेल, तर न्यायाधीशाने काय करावे?

आमच्या ठाणे जिल्ह्यात ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी माहिती केंद्रे उभी आहेत. देशाच्या व्यवहारांचा फार मोठा भाग तेथील यंत्रांतून वाहतो. जगभर अशा केंद्रांच्या छतावर तीच पांढरी अळंबी आढळते. तिने कोणाचे ऐकावे, हा प्रश्न म्हणूनच एका छंदिष्टाच्या गच्चीपुरता राहत नाही.

अभिमान हवा, आत्मपरीक्षणही हवे

या दिशेने देशात काम झाले आहे. नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळेची राखणदार आहे. तेथील अणुघड्याळे स्वतःच्या बळावर चालतात आणि जगाच्या वेळेशी त्यांची तुलना उपग्रहामार्फत होते. तुलना आणि अवलंबन यांतील फरक येथे स्पष्ट दिसतो. २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने आदेश काढला की, सेवा पुरवठादार, माहिती केंद्रे, कंपन्या व सरकारी कार्यालये यांनी आपल्या संगणकांची वेळ या प्रयोगशाळेच्या वा राष्ट्रीय सूचना केंद्राच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी नाते सिद्ध होणाऱ्या सर्व्हरशी जुळवावी. ग्राहक व्यवहार विभाग, भौतिक प्रयोगशाळा आणि इस्रो यांनी मिळून अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद व गुवाहाटी येथून प्रमाणवेळ प्रसृत करण्याचा प्रकल्प हाती घेतला. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठी नियमांचा मसुदाही प्रसिद्ध झाला.

आकाशातील आपले घड्याळ म्हणजे 'नाविक'. कारगिलनंतर स्वतःच्या उपग्रहमार्गदर्शनाची निकड अधिक तीव्रतेने जाणवली, २००६ मध्ये प्रकल्पास मंजुरी मिळाली, १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह गेला आणि २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा. तेव्हाच पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या प्रणालीला 'नाविक' हे नाव दिले. तो अभिमानाचा क्षण होता.

परंतु स्तुतिपाठ हे राष्ट्रकार्य नव्हे. पहिल्या उपग्रहातील तिन्ही रुबिडियम घड्याळे २०१६ मध्येच बंद पडली. ती परदेशातून आणलेली होती. पुढे इतर उपग्रहांतील घड्याळांनीही दगा दिला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाठवलेला बदली उपग्रह उष्णतारोधक आवरण न सुटल्यामुळे वाया गेला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या 'एनव्हीएस-०१' मध्ये भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसले, ही मोठी सिद्धी. मात्र २९ जानेवारी २०२५ रोजी गेलेला 'एनव्हीएस-०२' झडप न उघडल्याने अपेक्षित कक्षेत पोहोचू शकला नाही. त्याच वर्षी जुलैत संसदेत दिलेल्या माहितीनुसार, पाठवलेल्या अकरा उपग्रहांपैकी स्थान आणि वेळ सांगण्याचे काम केवळ चार करीत होते.

हे आकडे येथे मुद्दाम दिले आहेत. आपल्यातील काहींना असे वाटते की, उणिवा बोलून दाखवल्या की विरोधकांच्या हाती कोलीत मिळते. मला हे मान्य नाही. केरूनानांनी जुन्या गणितातील चूक लपवली असती, तर पंचांग सुधारले नसते. 'आमच्याकडे हे सारे पूर्वीच होते' असे म्हणून स्वस्थ बसणे आणि 'आमच्याने हे होणारच नाही' असे म्हणून हात टेकणे, ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत. अणुघड्याळ बनवण्याची विद्या जगातील मोजक्याच देशांकडे आहे आणि ती आपल्या शास्त्रज्ञांनी हस्तगत केली आहे. आता गरज आहे ती सातत्याची, पुरेशा निधीची आणि अपयशाची चौकशी उघडपणे करण्याच्या धैर्याची.

"जीपीएस आहे, रशियाचे ग्लोनास आहे, युरोपचे गॅलिलिओ आहे, मग खर्च कशाला?" असा प्रश्न विचारणारे असतात. त्यांना उत्तर मिल्स यांच्या नियमातच आहे. अनेकांचे ऐकावे, पण पंचांत एक आपला असावा. बाकीचे एकाच सुरात खोटे बोलू लागले तर ते ओळखायचे कोणाच्या आधारे? स्वदेशीचा अर्थ दारे लावून घेणे असा नाही. आपली कसोटी आपल्या हाती असणे, हा तिचा अर्थ आहे.

प्रारंभ आपल्यापासून

शासनाने सरकारी व बँकांच्या खरेदीत 'नाविक' ऐकणारे रिसीव्हर अनिवार्य करावेत. नव्या मालिकेतील उपग्रह 'एल-१' या लहरीवरही संकेत देऊ लागले आहेत. सामान्य, स्वस्त रिसीव्हर याच लहरीवर ऐकतात. त्यामुळे असे उपग्रह पुरेशा संख्येने आकाशात गेले तर घरोघरच्या यंत्रांना स्वदेशी वेळ ऐकणे सोपे होईल. उपग्रह दिसेनासे झाले तरी काही काळ वेळ सांभाळून धरतील अशी चांगली घड्याळे महत्त्वाच्या केंद्रांत हवीत. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आमच्या शेजाऱ्यांसारखे सर्व्हर विद्यार्थ्यांकडून बांधून घ्यावेत. हा काही फार खर्चिक उद्योग नाही.

पण सारे शासनावर सोपवून मोकळे होण्याची सवय आपण कधी सोडणार? आपल्या सोसायटीच्या कॅमेऱ्याचे घड्याळ कोणी पाहिले आहे का? त्या यंत्रात वेळेचा सर्व्हर नमूद करण्याची सोय बहुधा असते. तेथे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरचा पत्ता टाकायला पाच मिनिटेही लागत नाहीत. यंत्र महाजालाशी जोडलेले नसेल तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणीतरी ते हाताने जुळवावे आणि तशी नोंद ठेवावी. शाळा, पतपेढी, ग्रंथालय, देवस्थान, जेथे जेथे आपले कार्यकर्ते आहेत तेथे हे काम करता येईल. शाखेची शिट्टी ठरल्या मिनिटाला वाजते, एकाचीही वाट पाहत नाही, हा संस्कार आपण लहानपणापासून घेतो. तोच संस्कार आपल्या यंत्रांना देणे, एवढेच करायचे आहे.

आमच्या सोसायटीत ते आता सुरू झाले आहे. कॅमेऱ्याची वेळ गच्चीवरच्या अळंबीशी जुळवली जाते, आणि अळंबीची वेळ प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी ताडून पाहिली जाते. तिच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या गृहस्थांनीच हे काम स्वतःकडे मागून घेतले. त्या सायंकाळी इस्त्रीवाल्या मुलाला चोर म्हणणाऱ्यांत तेच आघाडीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि मुलगा आल्यावर सर्वांसमक्ष त्याची क्षमा मागितली. मुलगा गोंधळला, हसला आणि कपड्यांचे गाठोडे घेऊन जिना चढून गेला. वॉचमनने नोंदवहीत वेळ लिहिली : ७ वाजून ४ मिनिटे.